खचलेल्या लाइनला पुन्हा उभं करायचं तर पहिल्या ९० दिवसांत काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनिअम हाउसिंग मशीन करणाऱ्या लाइनची जबाबदारी नव्याने अंगावर आली आहे. तीन पाळ्यांत मिळून ३४ माणसं, त्यांतली २० कंत्राटी. सहा महिन्यांत ग्राहकाच्या तीन तक्रारी आल्या, तेव्हापासून जाणारा सगळा माल शंभर टक्के तपासावा लागतोय. वर्षभरात दोन इन्चार्ज बदलले. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना खाली, विचारलं तर "सगळं ठीक आहे साहेब". टीम स्पिरिटचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होऊन गेलं, फरक काही नाही. शिवाय एक जुना सेटर (मशीन लावून देणारा) आहे, तो कशालाही "हे आधी करून झालंय" म्हणतो. टीमचा आत्मविश्वास परत कसा आणायचा?

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही ३४ माणसं गेटच्या बाहेर ठणठणीत असतात. घर चालवतात, गावाकडची शेती बघतात, भिशी चालवतात. त्यांचा विश्वास उडालाय तो एकाच गोष्टीवरचा: आपण सांगितलं तर काही होईल, यावरचा. फिक्स्चरची (पीस पकडून ठेवणाऱ्या साच्याची) लोकेटिंग पिन झिजलीय हे सहा वेळा सांगून झालेला ऑपरेटर सातव्यांदा तोंड उघडत नाही. मग त्याच पिनमुळे पीस बाद होतो आणि रिजेक्शन स्लिपवर नाव त्याचंच लागतं. असं दोनदा झालं की माणूस डोकं गेटवर ठेवून आत यायला लागतो.

म्हणून तुमच्यापुरतं एकच मोजमाप सतत डोळ्यांसमोर ठेवा: माणसाने अडचण सांगितल्यापासून ती सुटेपर्यंत किती दिवस जातात. आज तुमच्याकडे हा आकडा बहुधा महिन्यांत आहे. तो दिवसांवर आला की माना वर येतात. टी-शर्ट वाटून किंवा रिसॉर्टवर नेऊन तो एका दिवसानेही कमी होत नाही, म्हणूनच ते ट्रेनिंग वाया गेलं.

पहिला आठवडा: पाहा, ऐका, लिहा

पहिले तीन दिवस प्रत्येक पाळीला एकेक द्या. पूर्ण पाळी, नाइटसुद्धा. रात्री दोन ते चार या वेळात लाइन जशी दिसते तशी ती दिवसा कधीच दिसत नाही. तेव्हा मेंटेनन्सचा एकच माणूस असतो, टूल रूमला कुलूप असतं आणि ऑपरेटरला जे सुचेल ते करावं लागतं. हातात फक्त वही ठेवा. मोबाइलने फोटो काढू नका, पुरावे गोळा करायला साहेब आलेत असंच सगळे समजतात.

वहीत काय लिहायचं? जुगाड. फिक्स्चरखाली सरकवलेला पत्र्याचा तुकडा, बोअर (पिसातलं भोक) पुसायला बनियनची चिंधी, चिप (धातूचा कीस) काढायला वाकवलेला वेल्डिंग रॉड, कूलंटची नळी दोरीने बांधलेली, नो-गो गेजवर (भोक जास्त मोठं झालं तरच आत जाणारं गेज) मार्करने केलेली खूण. प्रत्येक जुगाडामागे कोणीतरी मागितलेली आणि न मिळालेली एक दुरुस्ती असते. तीन दिवसांत असे पंचवीस-तीस तरी सापडतील.

त्यानंतर प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला. ३४ माणसं म्हणजे साडेआठ तास, रोज तीन-चार जण धरले तर दोन आठवड्यांत होतं. केबिनमध्ये बोलावू नका, केबिनमध्ये आजवर फक्त मेमो मिळालेत. मशीनपाशी किंवा कँटीनमध्ये बसा. वयाने मोठ्या ऑपरेटरला सगळे मामा किंवा काका म्हणत असतील तर तुम्हीही म्हणा, आणि पंचविशीतल्या हेल्परलाही "अहो" म्हणायला लागा. कंत्राटी माणसांशी बोलताना ठेकेदाराचा सुपरवायझर जवळ नको. बिहार-ओडिशाकडची पोरं असतील तर सरळ हिंदीत बोला.

"काय प्रॉब्लेम आहे?" असं विचारलंत तर "काही नाही" हेच येणार. त्याऐवजी हे तीन विचारा. काल काम करताना कुठे थांबावं लागलं? कुठला पीस पुढे देताना मनात शंका येते? आणि कुठली गोष्ट सांगून सांगून थकलात? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेकदा क्षणभर शांतता पसरते. ती भरून काढू नका, थांबा. खरी यादी त्या शांततेनंतर येते.

आलेल्या गोष्टी त्याच दिवशी तीन भागांत वाटा: २४ तासांत होणाऱ्या, सात दिवसांत होणाऱ्या, आणि ज्यांना पैसे किंवा वरची परवानगी लागते अशा. पहिल्या भागात पंखा, पिण्याचं पाणी, तपासणीच्या टेबलावरची ट्यूब, योग्य मापाचे हातमोजे, एअर गन असल्या वस्तू निघतील. दिसायला क्षुल्लक आहेत, पण सुरुवात यांपासूनच करा. तपासणीच्या टेबलावर १००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड लागतो, आणि असा टेबल अनेक शॉपमध्ये एका पिवळट ट्यूबखाली असतो. त्या उजेडात न दिसलेल्या बरसाठी (कापलेल्या कडेला राहिलेल्या धातूच्या कुसासाठी) पोरींना शिव्या खाव्या लागतात. ट्यूब बदलायला अर्धा तास पुरतो.

यादी मोठ्या फळ्यावर लावा. रकाने चारच: काय, कधी सांगितलं, कोण करणार, कधी झालं. सांगणाऱ्याचं नाव त्याची हरकत नसेल तरच. तिसऱ्या भागातल्या ज्या गोष्टी होणार नाहीत, तिथे आठवड्याच्या आत "होणार नाही" असं स्पष्ट लिहा आणि कारणही लिहा. "बघतो" हा शब्द तुमच्या तोंडून कायमचा गेला पाहिजे. नकार लोकांना पचतो. लटकत ठेवलेलं पचत नाही.

इथेच पगाराचाही विषय निघेल. कंत्राटी माणसाच्या ओव्हरटाइमचे तास आणि स्लिपवरचे तास जुळत नाहीत, अशी कुजबुज असेल तर पहिल्याच महिन्यात एचआरकडे बसून मस्टरशी ताडून पाहा. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. ज्याचे चार तास दर महिन्याला गायब होतात, त्याच्यासमोर दर्जाबद्दल काहीही बोललात तरी ते त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

टार्गेट आधी खरं करा

खचलेल्या टीमला रोज हरवणारी गोष्ट फळ्यावरच लिहिलेली असते. आठ तासांची पाळी, त्यातून अर्धा तास जेवण, दहा-दहा मिनिटांचे दोन चहा. उरली ४३० मिनिटं. सायकल टाइम (एका पिसाला लागणारा वेळ) ५४ सेकंद धरला तर मशीन एक सेकंदही न थांबता ४७७ पीस निघतात. आता फळ्यावर टार्गेट ४६० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ टूल बदलणं, पहिला पीस पास करून घेणं, चिप साफ करणं, लघवीला जाणं हे सगळं मिळून सोळा मिनिटांत बसवायचं. ते बसत नाही. म्हणजे वर्षभर, दिवसातून तीनदा, टीम हरलेली आहे.

मागच्या ३० पाळ्यांचे चांगल्या पिसांचे आकडे काढा आणि मोठ्याकडून लहानाकडे लावा. दहावा आकडा जो येईल तो पहिल्या तीन आठवड्यांचं टार्गेट. समजा तो ३५८ आला. याचा अर्थ हीच माणसं, याच मशीनवर, तीनातल्या एका पाळीत एवढं करतात, कोणी न सांगता. तासाला ५० असं लिहा आणि तासाचा फळा लावा: ठरलेलं, झालेलं, कमी पडलं तर का. "का" हा रकाना ऑपरेटरने स्वतःच्या हाताने भरायचा. "टूल १२ मिनिटं उशिरा आलं" एवढंच पुरे. हा रकाना तुम्ही दर दोन तासांनी जाऊन वाचला नाहीत तर चौथ्या दिवशी तो रिकामा राहायला लागेल. फळा मेला, असं समजा.

टार्गेट सलग दहा पाळ्या गाठलं गेलं की ५ टक्के वाढवा, आणि वाढवताना कुठली अडचण सुटली म्हणून वाढवतोय ते सांगा. कारण न देता वाढवलंत तर लोक शिकतात की टार्गेट गाठणं ही चूक आहे, आणि ३५० वर हात आखडता घेतात.

वरिष्ठांना हे कसं पटवायचं? त्यांना "टार्गेट कमी करा" म्हणू नका. प्रत्यक्ष निघणारा चांगला माल, रिवर्कचे (पीस दुरुस्त करण्याचे) तास आणि सॉर्टिंगला (चांगले-बाद पीस वेगळे करायला) लावलेल्या माणसांचा महिन्याचा खर्च एका कागदावर मांडा. ४६० च्या मागे धावून ३४० चांगले पीस निघत असतील आणि त्यावर सहा माणसं तपासणीला बसत असतील, तर ३५८ हा आकडा कंपनीच्या फायद्याचा आहे. मुदत मागा: ९० दिवस, दर १५ दिवसांनी आढावा. आणि एक गोष्ट आधीच बजावून ठेवा की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आतलं रिजेक्शन वाढलेलं दिसेल. आजवर लपवलेले पीस लोक बाहेर काढायला लागतात, म्हणून ते वाढतं. याची कल्पना न दिल्यामुळे चांगली चाललेली सुधारणा चौथ्याच आठवड्यात गुंडाळली जाते.

"मी ओके केला होता"

आता जरा खोलात जाऊ, कारण खचलेल्या टीमची बहुतेक भांडणं इथे असतात. २२ मिलिमीटरचा बोअर आहे, एच-७, म्हणजे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शून्य ते २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऑपरेटर मशीनमधून पीस काढतो, फुंकून बोअर गेज घालतो, काटा अधिक ४ दाखवतो. ओके. दोन तासांनी क्वालिटीच्या एसी रूममध्ये तोच पीस उणे साडेतीन येतो, गो गेज (चांगल्या पिसात जायलाच हवं ते) जात नाही. क्वालिटीवाला म्हणतो, हा न मोजताच सही करतो. ऑपरेटर म्हणतो, मी ओके केला होता. इन्चार्ज क्वालिटीचं ऐकतो, कारण त्यांच्याकडे महागडं मशीन आहे.

दोघंही खरं बोलतायत. अ‍ॅल्युमिनिअम मीटरला दर अंशामागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं. नुकताच कापलेला पीस मास्टर रिंगपेक्षा (जिच्यावर गेज शून्याला लावतात ती कडी) १५ अंशांनी गरम असेल तर २२ मिलिमीटरचा बोअर साडेसात मायक्रॉन मोठा दिसतो. २१ मधला तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेने खाल्ला. मापाचं प्रमाण तापमान २० अंश धरलेलं असतं, शॉपमध्ये मे महिन्यात ३८ असतं.

यावर उपाय साधा आहे. पीस लोखंडी प्लेटवर २० मिनिटं ठेवून मग मोजायचा, मास्टर रिंगही त्याच प्लेटवर ठेवायची. तेवढा वेळ थांबता येत नसेल तर गरम पिसासाठी वेगळी मर्यादा क्वालिटीकडून लिहून, सही करून मशीनवर लावायची. पण त्याआधी हे सगळ्यांसमोर करून दाखवा. एक पीस घ्या, गरम असताना ऑपरेटरला मोजायला सांगा, आकडा फळ्यावर लिहा. दर पाच मिनिटांनी परत मोजा. काटा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली सरकतो. त्या अर्ध्या तासात ज्या माणसाला सहा महिने बेफिकीर म्हटलं गेलं, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. मग सगळ्यांसमोर म्हणा, "मामा, तुम्ही बरोबर मोजत होता." इतकंच. यापेक्षा मोठं भाषण मला तरी माहीत नाही.

तुमच्याकडे कारण वेगळंही असू शकतं. गेजची रिपीटेबिलिटी खराब असेल, म्हणजे तोच पीस परत मोजला की वेगळा आकडा येत असेल. दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकी तीनदा मोजून आर अँड आर (गेज आणि मोजणारा यांच्यामुळे मापात पडणारा फरक) काढा. १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज भरवशाचं, ३० च्या वर असेल तर त्या गेजवरून कोणालाही दोष देणं थांबवा, आजपासूनच. किंवा गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी पहाटे थंड मशीनवर पहिले पीस घसरत असतील. तिथे २० ते ३० मिनिटं मशीन रिकामं फिरवून गरम करायचं आणि पहिला पीस पास झाल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. माणसावर बोट दाखवण्याआधी गेज, फिक्स्चर, तापमान, टूल आणि मटेरिअल या क्रमाने पाहा. पाचही तपासले याची नोंद असल्याशिवाय मेमो निघणार नाही, असा नियम करा आणि तो एचआरलाही कळवा.

लाइन थांबवायचा हक्क

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात, मालक-युनियनची रोजची मारामारी, दर्जा अगदी खालचा. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला. बहुतेक माणसं जुनीच घेतली, युनियनही जुनीच. काहीशे जणांना जपानच्या ताकाओका कारखान्यात नेऊन शिकवलं आणि प्रत्येक कामगाराला अडचण आली तर दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क दिला. दोनेक वर्षांत तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी गाड्यांच्या जवळ गेला आणि गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. आपली माणसंच तसली आहेत, असं कोणी म्हणालं की हे उदाहरण समोर ठेवा.

पण दोरी लावून काही होत नाही. दोरी ओढल्यावर पहिल्या तीन मिनिटांत काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्याकडे लाल दिवा किंवा बझर असला तरी पुरे. नियम असा लिहा: सलग दोन पीस संशयास्पद वाटले, गेज अडकलं किंवा नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला की थांबायचं, दिवा लावायचा. लाइन लीडर तीन मिनिटांत पोहोचला पाहिजे. दहा मिनिटांत सुटलं नाही तर सेटर, तीस मिनिटांत नाही तर तुम्ही, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. पोहोचणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असू दे: "थांबवलंत ते बरं केलंत, काय दिसलं?" लाइन लीडरांकडून हे वाक्य अक्षरशः म्हणवून घ्या, सराव करून घ्या. "आता काय झालं?" आणि "काय दिसलं?" यांतला फरक ऑपरेटरला लगेच कळतो.

पहिल्या आठवड्यात कोणी थांबवणार नाही. दुसऱ्यात एखादा थांबवेल, आणि ते कारण फुटकळ निघेल. ती तुमची परीक्षा आहे. सगळी लाइन मशीनच्या आडून बघत असते की या पोराचं आता काय होतं. कारण फुटकळ असलं तरी त्याचे आभार माना आणि दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्याचा उल्लेख करा.

चूक झाली तेव्हा नेता काय करतो, हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला भारताचा संघ ३६ धावांत आटोपला आणि नंतर कर्णधार सुट्टीवर मायदेशी परतला. मेलबर्नला अजिंक्य रहाणेकडे संघ आला. शंभरी पार करून ११२ वर खेळत असताना जडेजाच्या अर्धशतकासाठीच्या एका चोरट्या धावेत रहाणे धावबाद झाला. परत जाताना तो जडेजाकडे गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून "खेळत राहा" असाच इशारा करून गेला. जडेजाने ५७ केल्या, भारताने सामना आठ गड्यांनी जिंकला. बाद झाल्यानंतरच्या त्या चार पावलांत रहाणेने ड्रेसिंग रूममधल्या सगळ्यांना सांगून टाकलं की चुकलात तरी तुम्ही माझेच आहात. तुमच्या लाइनवर ती चार पावलं चालायची वेळ आठवड्यातून एकदा तरी येईल.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. चूक लपवणं आणि चूक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या दिवशी सांगा. स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर मेमो नाही. बाद पीस गुपचूप चांगल्या ट्रेमध्ये सरकवला तर पहिल्यांदा लेखी समज, दुसऱ्यांदा कारवाई, मग तो कोणाचाही भाचा असो.

रोजच्या सात मिनिटांची मीटिंग

पाळीच्या सुरुवातीला उभ्याने, फळ्यासमोर, सात मिनिटं. क्रम ठरलेला: सुरक्षिततेची एक गोष्ट, कालचा तासाचा फळा, यादीतली काल सुटलेली एक अडचण, आज लक्ष कुठे ठेवायचं. फळा ऑपरेटरने वाचायचा, रोज वेगळ्याने. पहिले काही दिवस पोरं अडखळतील, आवाज फुटणार नाही. फळा मराठी-हिंदीत असू दे. ज्याला वाचायला संकोच वाटतो त्याला आदल्या दिवशी बाजूला घेऊन तयारी करून घ्या.

पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही ऑपरेटर मशीनपाशी एकत्र हवेत. कितवा इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक), त्यावर किती पीस झाले, ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) किती दिला आणि का, कुठला पीस बाजूला ठेवलाय, एवढं वहीत. सेकंड शिफ्टवाल्यांनी सगळं बिघडवलं, ही तक्रार तुमच्याकडेही असेलच. दहा मिनिटांच्या समोरासमोरच्या बोलण्याने ती बरीच निवते, कारण दोष द्यायचा तो माणूस समोरच उभा असतो.

कौतुक करायचं तर त्याच दिवशी, मशीनपाशी, नेमकं. "छान काम" म्हणू नका. "रात्री तीनला सीटखाली चिप दिसल्यावर तुम्ही थांबलात, चाळीस पीस वाचले" असं म्हणा. शून्य रिजेक्शनला बक्षीस मात्र लावू नका. पैसे लागले की रिजेक्शन कागदावर शून्य होतं आणि बाद पीस भंगारच्या गोणीत, कधी गटारात सापडतात. बक्षीस द्यायचंच असेल तर अडचण सांगणाऱ्याला आणि सोडवणाऱ्याला, दोघांना मिळून द्या.

शंभर टक्के तपासणीला बसवलेल्या माणसांना विसरू नका. दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधणं हे मन मारणारं काम आहे, आणि तासाभरानंतर नजर मेल्यासारखी होते. दर तासाला माणूस बदला. मशीनवरच्या ऑपरेटरलाही रोज अर्धा तास तपासणीला बसवा, आपला पीस पुढे कसा दिसतो ते त्याला कळू दे. ग्राहकाने ठरवलेले दिवस किंवा लॉट एकही बाद पीस न सापडता गेले की ही तपासणी उठते. तो उलटा मोजत जाणारा आकडा गेटजवळ मोठ्या अक्षरांत लावा. सगळ्या लाइनला एकत्र जिंकता येईल अशी तुमच्याकडची ही एकमेव शर्यत आहे. मधेच एखादा पीस सापडला तर आकडा परत पहिल्यापासून सुरू होतो, आणि तो पुसून नव्याने लिहायचं काम तुम्ही स्वतः करा.

कुठे घसरतं

सर्वांत मोठा धोका महिनाअखेरचा. २८ तारखेला डिस्पॅच बोंबलतो, गाडी गेटवर उभी असते, ट्रेमध्ये शंकेचे साठ पीस असतात. तुमच्या तोंडून "जाऊ दे, पाठव" निघालं की पाच आठवड्यांची मेहनत त्या रात्रीच संपते, आणि ही बातमी तिन्ही पाळ्यांत पसरायला एक चहा पुरतो. म्हणून २० तारखेला डिस्पॅच आणि प्लॅनिंगबरोबर बसा. माल कमी पडणार असेल तर ग्राहकाला तेव्हाच कळवा. आठ दिवस आधी सांगितलेली कमतरता ग्राहक सांभाळून घेतो, गेटवर सापडलेला बाद माल सांभाळून घेत नाही.

दुसरी घसरण तुमच्या उत्साहातून येते. एकाच वेळी फाइव्ह एस (जागेची आवराआवर), कायझन (छोट्या छोट्या सुधारणा), स्किल मॅट्रिक्स (कोणाला कुठलं काम येतं याचा तक्ता), नवा युनिफॉर्म, सगळं सुरू होतं आणि कशाचाच शेवट होत नाही. एका वेळी यादीतल्या पाचपेक्षा जास्त गोष्टी उघड्या ठेवू नका. पाच संपल्या की पुढच्या पाच.

तिसरी म्हणजे कायम आणि कंत्राटी असा भेद. पाण्याचा कूलर एक, मीटिंग एक, कौतुकाचा फळाही एकच. वीस माणसांना तुम्ही तात्पुरते समजलात तर ती कामही तात्पुरतंच करणार.

सुधारतंय की नाही हे चार गोष्टींवरून ओळखा: अडचण सांगितल्यापासून सुटेपर्यंतचे दिवस, आठवड्यात स्वतःहून थांबवलेल्या लाइनची संख्या, न सांगता मारलेल्या दांड्या, आणि मीटिंगमध्ये न विचारता बोलणारी माणसं. थांबवण्याचा आकडा आधी चढतो, साधारण दुसऱ्या महिन्यानंतर हळूहळू उतरतो. तो सुरुवातीपासून शून्यच असेल तर भीती अजून तशीच आहे. दांड्या सगळ्यांत शेवटी कमी होतात, त्यासाठी तीन महिने धरा.

तो जुना सेटर

त्याच्याबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित उलटं वाटेल. "हे आधी करून झालंय" म्हणणारा माणूस बहुतेकदा खरं बोलत असतो. वॉर्म-अप सुरू केला होता, तीन आठवडे चालला, मग इन्चार्ज बदलला. गेज मागवलं होतं, पीओ (खरेदीची ऑर्डर) अडकली. या लाइनवर काय काय अर्धवट सुटलं याचा पूर्ण हिशेब त्या एकाच माणसाकडे आहे. त्याचा कडवटपणा हा पूर्वी जीव लावून काम केल्याचा पुरावा आहे. ज्याला काहीच वाटत नाही तो गप्प बसतो.

त्याच्याकडून यादी घ्या: काय सुरू केलं होतं, किती दिवस चाललं, कशामुळे बंद पडलं. त्यातली एक गोष्ट तोच निवडेल आणि तोच चालवेल. वॉर्म-अप आणि पहिल्या पिसाची पद्धत हे त्याच्या हातचं काम आहे. त्याला लागणारी वस्तू, वेळ आणि एक मदतनीस पोरगा सात दिवसांत मिळेल हे तुमच्याकडे. त्यानंतर नव्या सेटरना शिकवायची जबाबदारीही त्यालाच द्या, आणि स्किल मॅट्रिक्सवर शिक्षक म्हणून त्याचं नाव लिहा. ६० दिवसांनंतरही तो दिवा लावणाऱ्या पोरांची चारचौघांत टर उडवत असेल, तर मात्र एकट्याला बसवून स्पष्ट सांगा आणि पुढच्या महिन्यात लाइनवरून हलवा. त्याच्या हुशारीकडे बघून ते लांबवू नका, कारण बाकीचे ३३ तुम्ही काय करता तेच बघत असतात.

पण ती वेळ बहुधा येणार नाही. ३४ जणांच्या भेटी सुरू कराल तेव्हा पहिली भेट त्याचीच ठेवा. जेवणाच्या सुट्टीनंतर, त्याच्या मशीनपाशी, वही उघडून. आणि त्याने सांगितलेली पहिली गोष्ट कितीही छोटी असली तरी दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आत झालेली असू दे.